मुद्द्यावर या

"विकत घेतायत! मॉन्ट्रियलची कंपनी आपला रेडिओ विकत घेतेय!" नंदन आगाशे बेसमेंटचा जिना चढून धापा टाकत वर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. जयंतीबाई डिशवॉशरमधली भांडी काढत होत्या. त्यांनी हातातली वाटी तशीच धरून ठेवली.

"कुठला रेडिओ?"

"कुठला म्हणजे? आपला! रेडिओ ओटा!"

"तो कशाला कोण विकत घेईल?"

"त्याचं असं आहे," म्हणत नंदनरावांनी खुर्ची ओढली. ते खुर्ची ओढून बसले की पुढचा पाऊण तास गेला, हे जयंतीबाईंना अनुभवाने ठाऊक होतं. "आपण कनाट्याला होतो तेव्हा माझ्या ऑफिसात तो फिनलंडचा माणूस होता बघ, थंडीत गाडी रिव्हर्समध्ये चालवत ऑफिसला यायचा. तर तो एकदा मला—"

"अहो, मुद्द्यावर या."

त्या घरात हे वाक्य जितक्या वेळा बोललं गेलं असेल तितकं दुसरं कुठलंच नसेल. नंदनराव माणूस सज्जन, हुशार, कॅनडातल्या कनाटा गावच्या टेलिकॉम कंपनीत आयुष्य काढलेले इंजिनिअर. पण गोष्ट सांगायला बसले की मूळ पुरुषापासून सुरुवात करणार. ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत मंडळी पुढच्या विषयावर पोचलेली असत. मुलगी ईशिता फोनवर "बाबा, शॉर्ट व्हर्जन प्लीज," म्हणते. आणि जयंतीबाईंनी फिनलंडच्या माणसाच्या गोष्टीचा पहिला अर्धा भाग इतक्या वेळा ऐकला होता की तो त्यांना पाठ होता. दुसरा अर्धा मात्र त्यांनी आजवर होऊच दिला नव्हता.

निवृत्तीनंतर दोघं रिचमंड हिलला राहायला आले. बेसमेंटमधला भाडेकरू घर सोडून गेला आणि खालचं दुसरं स्वयंपाकघर रिकामं झालं, तेव्हा नंदनरावांनी तिथल्या ओट्यावर मायक्रोफोन मांडला आणि इंटरनेटवर चोवीस तासांचं मराठी स्टेशन सुरू केलं. ओट्यावर सुरू झालं म्हणून नाव रेडिओ ओटा. दिवसा ते स्वतः बोलत, रात्री तेच बोलणं पुन्हा लागे. मुख्य म्हणजे तिथे त्यांना कोणी मुद्द्यावर आणत नसे.

पहिल्या वर्षी श्रोते एका व्हॅनमध्ये बसतील इतके होते. त्यातही नंदनराव एकदा फोनवर आणि एकदा टॅबवर असे दोनदा मोजले जात. ही गोष्ट त्यांनी फार मनाला लावून घेतली. जेवताना गप्प बसू लागले. नवरा गप्प बसावा असं जन्मभर वाटत आलेल्या जयंतीबाईंना तो गप्प बसलेला नवरा बघवेना. आपण स्वतः रेडिओ लावून ऐकणं हा एक उपाय होता. पण जो माणूस समोर बसून बोलतो त्यालाच पुन्हा मशीनमधून ऐकायचं, हे काही त्यांना पटेना.

मग मराठी मंडळाची कोजागिरी आली. इथली निवृत्त मराठी मंडळी थंडी सुरू झाली की घरं बंद करून पुणं गाठतात, ती एप्रिलपर्यंत उगवत नाहीत. त्या वर्षी आसपास बऱ्याच चोऱ्या झाल्या होत्या आणि दूध पिताना सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता. दादासाहेब मोहिते हे निवृत्त सर्जन, मंडळाचे माजी अध्यक्ष, आणि ते जे करतील ते सगळं मंडळ करतं. त्यांना आपल्या घराची काळजी लागली होती. जयंतीबाई सहज बोलून गेल्या, "दादासाहेब, रेडिओ ओटा लावून जा. आमचे हे बोलतच असतात. चोराला वाटेल घरात माणूस आहे."

दादासाहेबांना ते पटलं, म्हणजे मंडळाला पटलं. मंडळाला पटलं ते मिसिसागाला कळलं, तिथून ब्रॅम्प्टनला, तिथून कनाट्याला. नोव्हेंबर लागला आणि रेडिओ ओटाच्या श्रोत्यांचा आकडा असा चढला की नंदनरावांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करून पाहिला. दर हिवाळ्यात आकडा चढे, एप्रिलमध्ये उतरे. "उन्हाळ्यात लोक घराबाहेर असतात," असं नंदनराव म्हणत आणि जयंतीबाई जोरजोरात मान हलवत.

नंदनरावांच्या गालांवर पुन्हा तेज आलं. त्यांनी श्रावणीला कामावर घेतलं. ती कोल्हापूरहून इथे शिकायला आलेली, आता परमनंट नोकरीच्या शोधात असलेली मुलगी. रेडिओचं खूळ वाढतच गेलं. लाटणं, पातेली, कुकर, सगळं एकेक करून बेसमेंटमध्ये जाऊ लागलं.

"रेडिओला कुकर कशाला लागतो?" जयंतीबाई विचारत.

"त्याचं असं आहे—"

"बरं बरं. संध्याकाळच्या भाताच्या आत वर आणून ठेवा म्हणजे झालं."

रेडिओ ओटाचे बहुतेक श्रोते म्हणजे बंद घरातले सोफे, फ्रिज आणि कुंड्या आहेत, ही गोष्ट जयंतीबाईंनी नवऱ्यापासून पोटात ठेवली होती. ती जन्मभर पोटात राहिली असती. पण आता लूनलेक ब्रॉडकास्टिंग नावाची देशभर स्टेशनं असलेली कंपनी ते सोफे आणि त्या कुंड्या विकत घ्यायला निघाली होती.

"मुद्दा हा," नंदनराव म्हणाले, "की शनिवारी त्यांचा विक्रम सहानी येतोय. आपल्या श्रोत्यांची घरं बघायला. पहिलं घर दादासाहेबांचं. त्याला बघायचंय की बाहेरून—"

"घरं बघायला?" जयंतीबाईंच्या हातातली वाटी खाली पडून घरभर खणखणली.

"हो. म्हणजे आत वगैरे जायचं नाही. तो काय म्हणतो, की—"

"पुरे! कळलं!"

कळलं काहीच नव्हतं, पण त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं होतं. विक्रम सहानी बेल वाजवतोय, दार उघडत नाही. दुसरं घर, तिथेही नाही. तिसरं घर. मग नंदनराव बर्फात उभे, आणि त्यांच्या लक्षात येतंय की इतकी वर्षं आपण जे बोललो ते कोणीही ऐकलेलं नाही. कंपनी गेली तर गेली, पण तो चेहरा बघायची जयंतीबाईंची तयारी नव्हती.

त्यांनी आधी श्रावणीला चाचपून पाहिलं. "काय गं, आपले श्रोते खरंच ऐकतात का नीट?"

"एकदम शांतपणे ऐकत्यात की, काकू," श्रावणी कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाली. "एक तक्रार न्हाई बघा आजपर्यंत."

पोरगी भाबडी आहे, असं ठरवून जयंतीबाईंनी लता सबनीसला फोन लावला. लताबाई या हिवाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे भारतात गेल्या नव्हत्या. मंडळाच्या नाटकांत नायिकेचं काम इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्या कोणाला मिळू दिलं नव्हतं. दादासाहेबांच्या घराची किल्ली जयंतीबाईंकडे असे, कारण रिकाम्या घरात कोणीतरी अधूनमधून डोकावलं पाहिजे असा इन्शुरन्सवाल्यांचा नियम आहे. बेत साधा होता. शनिवारी दादासाहेबांच्या घरात एक जिवंत श्रोता बसवायचा.

"माझं पात्र कोण?" लताबाईंनी विचारलं.

"दादासाहेबांची धाकटी बहीण. रेडिओ ओटाची वेडी. बेल वाजली की दार उघडायचं आणि सांगायचं, मी दिवसरात्र हेच ऐकते."

"विधवा का सधवा?"

"लते, त्याने काय फरक पडतो?"

"साडीचा रंग ठरतो."

"सधवा. आणि काय गं, तू खरंच ऐकतेस का कधी आमचा रेडिओ?"

"मी कशाला ऐकू?" लताबाई म्हणाल्या. "मी घरात असते की!"

शनिवारी सकाळी जयंतीबाई लताबाईंना गाडीतून दादासाहेबांच्या घरी सोडून आल्या. हिरवीगार रेशमी साडी, त्याखाली स्नो बूट, नाकात नथ आणि हातात डबा, असा थाट होता. घरात रेडिओ चालू होताच, शनिवारचं आधी रेकॉर्ड केलेलं बोलणं लागलेलं. पडदे उघडायचे नाहीत, बेल वाजल्याशिवाय हलायचं नाही, आणि मनचं काही बोलायचं नाही, एवढं तीनतीनदा बजावून जयंतीबाई परत आल्या आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पोह्यांना फोडणी घालायला लागल्या.

विक्रम सहानी वेळेवर आला. मॉन्ट्रियलमध्ये वाढलेला पंजाबी, तिशीतला, हसरा. "बोंजूर, आंटी!" म्हणत त्याने वाकून नमस्कार केला आणि पोहे खाता खाता म्हणाला, "आंटी, पूरे कॅनडा में रेडिओ का लिसनर दो मिनिट में चॅनल बदलता है. आपका लिसनर तो हिलता ही नहीं!"

"बहुत घरेलू लोग हैं," जयंतीबाई म्हणाल्या आणि त्यांना स्वतःलाच घाम फुटला.

तिघं विक्रमच्या गाडीतून निघाले. दादासाहेबांचं घर एल्गिन मिल्स रोडच्या पलीकडे, नव्या वस्तीत. त्यांनी ते नुकतंच, गेल्या पानगळीत घेतलं आणि लगेच पुण्याला गेले. जोडघर होतं, शेजाऱ्यांची आणि त्यांची भिंत एकच. विक्रमने गाडी घरासमोर न लावता चार घरं अलीकडेच थांबवली.

"अहो, बेल वाजवायला इतक्या लांबून चालत जायचं?" जयंतीबाईंनी विचारलं.

"बेल कशाला वाजवायची?" नंदनराव हळू आवाजात म्हणाले. "त्याचं असं आहे, की आपण आत्ता चोर—"

"गप्प बसा हो! पाहुण्यासमोर काय चोर न् काय!"

मग नंदनराव आणि विक्रम वाकून, पावलांचा आवाज न करता, घराच्या बाजूच्या गुडघाभर बर्फातून खिडकीपाशी गेले. विक्रमने खिशातून एक छोटं रेकॉर्डिंग यंत्र काढून भिंतीपाशी धरलं. जयंतीबाई ड्राइव्हवेवर उभ्या राहिल्या. आतून नंदनरावांचा आवाज अस्पष्ट ऐकू येत होता. मोठ्या कंपन्यांच्या तऱ्हा वेगळ्या असतात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

आत लताबाईंनी नुकताच डबा उघडला होता. परक्या घरात एकटी बाई, आणि खिडकीच्या पडद्यावर वाकलेल्या दोन सावल्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर काय बोलणं चाललंय ते ऐकावं म्हणून त्यांनी पहिल्यांदा रेडिओ बंद केला.

बाहेर नंदनराव खिळल्यासारखे उभे राहिले. "रेडिओ बंद झाला!"

"अंकल," विक्रम पांढराफटक पडला, "अंदर कोई है!"

हे शब्द जयंतीबाईंच्या कानावर पडले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "असणारच!" त्या आनंदाने ओरडल्या. "मग काय घर रिकामं असेल? बेल वाजवा ना!"

नंदनरावांनी धावत येऊन त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. "वेडी झालीस का? आत चोर शिरलाय!" आणि त्यांनी पोलिसांना फोन लावला.

आत लताबाईंनीही तेच केलं. पण पोलीस येईपर्यंत नुसतं बसून राहणं हे काही त्यांच्या रक्तात नव्हतं. ऐतिहासिक नाटकात एकदा सेनापती आजारी पडला तेव्हा त्यांनी ऐनवेळी त्याचंही काम निभावलेलं होतं. त्यांनी तोच आवाज लावला. "कोण आहे रे तिकडे? मुडदा पाडीन एकेकाचा!"

"बापरे, मराठी चोर!" नंदनराव म्हणाले.

पोलिसांची गाडी आली. नंतर कळलं की त्यांना एकंदर तीन फोन गेले होते. आतून बाहेरच्यांबद्दल, बाहेरून आतल्यांबद्दल आणि शेजारच्या घरातून सगळ्यांबद्दल. गाडीतून उतरलेली पोलीस अधिकारी तरुण मुलगी होती. तिने दार ठोठावलं. दार उघडलं आणि नथ घातलेल्या, हिरव्या साडीतल्या लताबाई हातात दादासाहेबांची गोल्फची काठी घेऊन बाहेर आल्या. समोर जयंतीबाई दिसताच त्यांना आपलं काम आठवलं. काठी बगलेत मारून त्यांनी हात जोडले.

"या, या! मी दादासाहेबांची धाकटी बहीण! रेडिओ ओटा मी दिवसरात्र ऐकते हो! नंदनरावांचा आवाज ऐकला नाही तर मला घास गिळवत नाही!"

"लतावहिनी?" नंदनराव म्हणाले. "तुम्ही इथे काय करताय? आणि दादासाहेबांना बहीण कुठे आहे?"

लताबाईंनी जयंतीबाईंकडे पाहिलं. जयंतीबाईंनी बर्फाकडे पाहिलं.

"घरात आणखी कोण आहे?" अधिकारी मुलीने इंग्रजीत विचारलं.

"कोणी नाही," लताबाई म्हणाल्या.

"खोटं आहे!" शेजारच्या दारातून कोट पांघरून एक इराणी बाई लगबगीने आल्या. त्या नव्या वर्षातच तिथे राहायला आल्या होत्या. "आत एक नवरा-बायको राहतात. मी रोज भिंतीतून ऐकते. भाषा कळत नाही, पण तो माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत बोलत असतो. हसतो, खोकतो, भांडी वाजवतो. आणि ती बिचारी एक शब्द बोलत नाही! कधीच नाही! मला किती दिवस तिची काळजी वाटतेय. तिचं नावही मला माहीत आहे. जयंती."

अधिकारी मुलीचा चेहरा एकदम गंभीर झाला. "ही जयंती कुठे आहे?"

"मी इथे आहे," जयंतीबाई कशाबशा म्हणाल्या.

"तुम्ही या घरात राहता?"

"नाही."

"तुमचा नवरा आत आहे?"

"नाही. हे काय, इथे उभे आहेत."

"मग आत जो बोलत असतो तो कोण?"

"तोही मीच," नंदनराव म्हणाले.

अधिकारी मुलीने लिहिणं थांबवलं. तिने सगळ्यांना आत घेतलं, ओळीने सोफ्यावर बसवलं आणि काय ते दाखवा म्हणाली. विक्रमने रेडिओ चालू केला.

आधी कुकरची शिट्टी झाली. जयंतीबाईंनी ती लगेच ओळखली. तो त्यांचाच कुकर होता. मग नंदनरावांचा आवाज आला. "अगं जयंती, झाल्या गं शिट्ट्या, गॅस बंद कर. आणि दारात कोणी आलंय का बघ. राहू दे, तू पोळ्या लाट, मीच बघतो. माझी काठी कुठे ठेवलीस?" पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज. जड पावलं. दार उघडून बंद झाल्याचा आवाज. "कोणी नाही गं. वारा असेल. तर मी काय सांगत होतो, कनाट्याला तो फिनलंडचा माणूस..."

इराणी बाई बोट नाचवत म्हणाल्या, "बघा! ती उत्तर देत नाही!"

नंदनरावांनी मग सगळं सांगितलं. हे स्टेशन रिकाम्या घरांसाठीच आहे, घर बोलतं राहावं म्हणून. बाहेर उभ्या असलेल्या चोराला आतला आवाज खरा वाटतो का, तेवढंच पाहायला ते आज आले होते. विक्रमने मान डोलावून दुजोरा दिला. अधिकारी मुलीने दादासाहेबांना पुण्याला फोन करून खात्री करून घेतली. त्यांनी रेडिओचा प्रकार मान्य केला, लताबाईंनाही ओळखलं, पण त्यांना बहीण मानायला साफ नकार दिला.

जयंतीबाईंच्या कानांत मात्र यातलं काही शिरत नव्हतं. "तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पहिल्याच हिवाळ्यापासून," नंदनराव म्हणाले. "मी एकदा बक्षीस लावलं होतं. पहिला फोन करणाऱ्याला तुझ्या हातच्या चिवड्याचा डबा. एवढे श्रोते, आणि एक फोन येईना! चिवड्याला मराठी माणूस नाही म्हणत नाही गं. तेव्हा दादासाहेबांना फोन केला. त्यांनी तुझी युक्ती सांगितली. मला आधी वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. मग म्हटलं, घरं तर घरं. त्यांची राखण तरी नीट करू. म्हणून मग कुकर आणला, लाटणं आणलं. श्रावणीला माहीत आहे, मंडळात बहुतेकांना माहीत आहे. मी रोज सकाळी रेडिओवर सांगतोच, भारतात गेलेल्या सर्व मंडळींच्या घरांना नमस्कार म्हणून."

"मग मला का नाही बोललात?"

"कितीदा सुरुवात केली," नंदनराव अगदी साधेपणाने म्हणाले. "तू म्हणालीस, मुद्द्यावर या."

सबंध गावाला रेडिओ लावायची युक्ती जयंतीबाईंनीच दिली होती, आणि तो कधीही न लावलेलं घर एकच होतं, त्यांचं स्वतःचं. त्यांना लाज वाटली. इतक्या घरांतून हा माणूस दिवसभर आपल्याला हाका मारत होता आणि आपण बरोबर वरच्या मजल्यावर भांडी लावत होतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं. नंदनराव त्यांच्याकडे काळजीने बघत होते. एवढा वेळ त्या गप्प बसलेल्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या.

"बरं वाटतंय ना तुला?"

"पण ती उत्तर का देत नाही?" इराणी बाईंचं समाधान अजून झालं नव्हतं.

विक्रम इतका वेळ विचारात पडला होता. तो एकदम उठून उभा राहिला. "यही प्रॉब्लेम है, अंकल! सब रिअल लगता है. कुकर रिअल, खांसी रिअल. सिर्फ आंटी की खामोशी फेक लगती है. ऐसा कौनसा घर है जहां हजबंड इतना बोले और वाइफ टोके नहीं? नेबर को शक हो गया, तो चोर को नहीं होगा?"

पोलीस अधिकारी मुलीनेही यावर मान हलवली. तिला हिंदी येत होती की तिचं लग्न झालेलं होतं, हे कोणी विचारलं नाही.

लूनलेकचा प्रस्ताव पुढच्या आठवड्यात आला. एका इन्शुरन्स कंपनीच्या जाहिराती त्यांनी आधीच पक्क्या केल्या होत्या. ब्रॅम्प्टनसाठी पंजाबी, स्कारबरोसाठी तमिळ, आणि थंडीत फ्लोरिडाला पळणाऱ्या क्विबेकच्या आजी-आजोबांसाठी फ्रेंच, अशी घर बोलतं ठेवणारी स्टेशनं त्यांना देशभर काढायची होती. "हर भाषा में एक नंदन," विक्रम फोनवर म्हणाला, "और हर नंदन को टोकनेवाली एक जयंती." श्रावणीला परमनंट नोकरी मिळणार होती. अट एकच होती. जयंतीबाईंनी मायक्रोफोनसमोर बसायचं आणि नंदनरावांना सारखं मध्ये मध्ये तोडायचं.

"मला जमणार नाही हो," जयंतीबाई म्हणाल्या.

"तुला?" नंदनराव म्हणाले. "तुला जमणार नाही?"

सोमवारी सकाळी जयंतीबाई कुकर घेऊन बेसमेंटमध्ये उतरल्या. ओट्यावर आता दोन मायक्रोफोन होते. नव्या काचेच्या पार्टिशनपलीकडे श्रावणीने कानावर हेडफोन चढवले, हाताने खूण केली आणि नंदनरावांनी घसा साफ केला.

"अगं जयंती, बाहेर किती बर्फ पडलाय बघितलंस का? मला आपला तो कनाट्याचा फिनलंडचा माणूस आठवला. थंडीत गाडी रिव्हर्समध्ये चालवत ऑफिसला यायचा. सगळे हसायचे त्याला. मीही हसायचो. मग एकदा माझी गाडी सुरू होईना, तर तो म्हणाला, चल, माझ्याबरोबर. मी मागच्या सीटवर बसलो, म्हणजे खरं तर पुढे. आणि मग रस्त्यात मी त्याला विचारलं, की बाबा रे, तू हे असं का करतोस?"

नंदनराव थांबले. जन्मभर ते याच जागी थांबत आले होते, कारण इथे पोचेपर्यंत कोणी ना कोणी त्यांना थांबवलेलं असे. पुढचं वाक्य त्यांनी जयंतीबाईंसमोर तरी कधी उच्चारलेलंच नव्हतं. श्रावणीने काचेपलीकडून जयंतीबाईंना खूण केली. मग दुसऱ्यांदा केली. मग कागदावर मोठ्या अक्षरांत 'काकू, बोला की!' असं लिहून तो काचेला लावला.

जयंतीबाई हनुवटीखाली हात घेऊन नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या. कुकरची शिट्टी झाली, तीही त्यांना ऐकू आली नाही.

"अगं, बोल ना," नंदनराव मायक्रोफोनवर हात ठेवून कुजबुजले. "तोड ना मला. सगळं डील अडलंय!"

"थांबा हो," जयंतीबाई म्हणाल्या. "आधी तो काय म्हणाला ते सांगा."